तेवीसशे चाळीस सालचा तह

“तह टिकतो कशावर, बाबा? एवढंच सांगा, बाकी माझं मी बघतो.”

ओजस पेंडसे पहाटे पुण्याहून निघून दुपारी दर्ग्यात पोचला होता आणि अजून टेकला नव्हता. एक हात सारखा खिशातल्या फोनवर.

“बस की,” चाँदबाबा म्हणाले.

बसला. पण गुडघा हलतच राहिला.

चाँदबाबा मुजावर दर्ग्याची दिवाबत्ती बघतात, पण चाळीस वर्षं ते पाटकरी होते. जुन्या बंधाऱ्याचं पाणी पाच गावांना पाळीपाळीनं सोडायचं, हे त्यांचं काम. पाण्यावरून सख्खे भाऊ एकमेकांवर कुऱ्हाड उगारतात. या पाच गावांत चाळीस वर्षांत तसं एकदाही झालं नाही. ओजसनं हे कुठंतरी वाचलं आणि गाडी काढली.

“कुठला तह म्हणतोस?”

“भविष्यातला. सन तेवीसशे चाळीस.”

कट्ट्यावर पाच गावांचे पाच म्हातारे बसले होते. दर गुरुवारी बसतात. त्यांतले तुकाण्णा म्हणाले, “तवर पाऊस तरी वेळेवर पडंल का?”

सगळे हसले. ओजस हसला नाही. त्यानं पिशवीतून खेळाचं नमुन्याचं खोकं काढलं आणि आतला पट फरशीवर पसरला. त्यावर सूर्य, ग्रह, चंद्र आणि रंगीत सोंगट्यांचे ढीग.

“हा साधा खेळ नाही,” तो म्हणाला. “युद्धखेळ आहे. चार वर्षांचा अभ्यास आहे यामागं.”

“बरं,” बाबा म्हणाले. “ही निळी कोण?”

“चांद्र महासंघ. युतीचा प्रमुख. ही तांबडी मंगळावरची सात शहरं. ही पृथ्वीवरच्या बुडालेल्या किनाऱ्यांची परिषद. हे धूमकेतूंवरचे भटके, यांना देशच नाही. आणि हे शनीच्या कड्यांतले खाणवाले. सगळ्यांना लागणारा बर्फ हे खणून काढतात.”

“बर्फ म्हंजे पाणीच की.”

“पाणीच.”

येसूनाना पुढं वाकले. ते पाटाच्या शेवटच्या गावचे. “लांब ऱ्हायचं, राबायचं, अन् कामाबिगर कुणी विचारायचं न्हाई? हे तर आमचंच गाव की वो!” असं म्हणून ते हात धुवायला मागच्या नळावर गेले.

ओजसला हे असलं बोलणं नको होतं. त्याला उत्तर हवं होतं.

“बाबा, सत्ता मी चोख उभ्या केल्यात. कुणाकडं किती जहाजं, कुणाचं कुणाशी जुनं वैर, सगळं आहे. पण युती टिकत नाही. पंचवीस वेळा खेळून बघितलं. दर वेळी चौथ्या फेरीत खाणवाले फुटतात, आणि मग सगळेच एकमेकांच्या उरावर बसतात. नऊ दिवसांत खेळ छापायला द्यायचाय. तुमच्याकडं काहीतरी नियम असेल...”

बाबा निळ्या सोंगटीकडं बघत राहिले.

गुरुवारचा मलिदा आला. चपात्या कुस्करून, गूळ घालून केलेला, परातभर. सोबत पळसाची पानं. बाबांनी परात ओजसपुढं सरकवली.

“वाट.”

“मी?”

“चार वर्षांचा अभ्यास हाय न्हवं?”

ओजसनं माणसं मोजली. परातीत सहा वाटे पाडले, असे सारखे की सोनाराच्या काट्यावरही फरक निघाला नसता. एक स्वतःच्या पानावर घेऊन मांडीशी ठेवला, मग उठून बाकीचे दिले. परत येऊन बसला आणि पहिला घास तोंडात टाकला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

दुसरा घासही गेला. मग त्याच्या लक्षात आलं, दुसरं कुणीच खात नाही.

येसूनाना पंच्याला हात पुसत नळावरून आले. आपल्या जागेवर बसले. पुढं पान नव्हतं.

परात रिकामी.

“सॉरी... मी मोजलं होतं. नीट मोजलं होतं.”

“मोजलंस की,” बाबा म्हणाले. “वाटे एकसारखे झाल्यात.”

त्यांनी स्वतःचं पान येसूनानांपुढं सरकवलं. नानांनीही ते नेहमीचंच असल्यासारखं घेतलं. मग सगळे खायला लागले.

ओजसनं आपलं पान खाली ठेवलं.

“ती निळी सोंगटी,” बाबांनी विचारलं, “ती कोण चालवायचं?”

“मीच.”

“पंचवीस वेळा?”

“नियम मला पाठ होते ना...”

“लुटीतला वाटा आधी कुणाचा?”

“प्रमुखाचा. तो नियमच आहे.” जरा थांबून तो म्हणाला, “मी केलेला.”

“अन् खाणवाला कोण व्हायचं?”

गुडघा हलायचा थांबला.

“सारंग. माझा मित्र. शाळेपासूनचा. सगळ्या सोंगट्या त्यानं हातानं कोरल्यात... तो सोडून गेला, महिन्यापूर्वी. पंचविसाव्या खेळात पट उधळून गेला. फोन उचलत नाही.”

“खेळापायी?”

“खेळापायी... आणि खोक्यापायी. खोक्यावर नाव माझं आहे. त्याचं आत आहे. नियमांच्या वहीत, शेवटच्या पानावर.”

तुकाण्णांनी खोकं उचलून उलटंपालटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि परत ठेवून दिलं.

ओजसनं पट गुंडाळायला घेतला. एक सोंगटी घरंगळत बाबांच्या पायाशी गेली. बाबांनी ती उचलली, अंगठ्यानं तिच्यावरची धूळ पुसली. बारीक काम होतं. खाणवाल्याच्या टोपीवर दिवासुद्धा कोरलेला.

“बाबा, खेळ नाही छापला गेला तरी चालेल. खरंच चालेल.” तो बाबांकडं वळला. “सारंग येईल का परत?”

पाटाचं पाणी दर्ग्यामागून वाहत होतं.

ओजसनं फोन काढला. सारंगचं नाव समोर होतं. त्यानं अंगठा त्याच्यावर नेला.

बाबांनी सोंगटी त्याच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली.

“फोन मागनं लाव. आधी ह्या पाटाच्या कडंकडंनं खाली चालत जा... पाट जिथं सरतो, तिथलं शेवटचं, सगळ्यात मागनं भिजणारं रान माझं हाय. हिरवं हाय का वाळलंय, तेवढं बघून ये.”