अप्पांच्या नावाची बाग

“मग माझा बाप हसत का नाही, बाबा?”

गुरुनाथशेठ मिटकरी विचारत होते. सळया-सिमेंटच्या धंद्यात भल्याभल्यांना पाणी पाजणारा माणूस. आज बागेच्या भिंतीबाहेर, नूरबाबा फकिराच्या सतरंजीच्या कडेला उकिडवा बसला होता.

“अठ्ठावीस बाकं बसवली. कारंजं केलं. फाटकावर अप्पांचं नाव, पितळी अक्षरांत. लोक म्हणतात, बागेत माणूस खुलतो... आणि अप्पा सहा महिने भिंतीकडं तोंड करून पडलेत. दोन घासांवर आलेत. डॉक्टरांनी हात टेकले. तुमचं ऐकतील, एकदा बागेत घेऊन या त्यांना.”

“आधी कुठं बसायचे?”

“इथंच की! बाग नव्हती तेव्हा. कडुलिंबाखाली, दुपारभर हमालांच्यात. सोंगट्या, शिव्या, बिड्या... शोभतं का सांगा, माझ्या बापाला?”

बाबांनी सतरंजी खांद्यावर टाकली.

“चल. बाग दाखव.”

फाटकाला कुलूप होतं. दहा ते चार बंद. रिकामटेकडे नकोत म्हणून शेठनीच तशी पाटी लावली होती. रखवालदार धावत आला, कुलूप निघालं.

“बस,” बाबा म्हणाले.

शेठ दगडी बाकावर टेकले न टेकले तोच ताडकन उठले.

“भाजतंय हो, बाबा!”

“कडुलिंब कुठंय?”

“तोडला. निंबोळ्यांचा नुसता कचरा व्हायचा.”

“अन् हमाल?”

शेठची नजर फाटकावरच्या पाटीकडं गेली.

बाबा बाक आणि ऊन यांच्या मधे जाऊन उभे राहिले. त्यांची वाळकी सावली बाकावर पडली.

“आता बस.”

शेठ अंग चोरून बसले. बाबा हलले नाहीत. घाम दाढीतून ओघळला. मग म्हाताऱ्याचे पाय लटलटायला लागले.

शेठना बघवेना.

“असे किती वेळ उभे राहाल?”

“मी दमलो. कडुलिंब दमत नव्हता.”

शेठ उठले. मग एकदम, गिऱ्हाईक हातचं जाताना बोलावं तसं घाईघाईनं म्हणाले,

“उद्याच लावतो, बाबा! त्याच जागी. नर्सरीतलं सगळ्यात मोठं रोप आणतो!”

“अप्पांचं वय किती?”

“एक्क्याऐंशी...”

बाबा फाटकाकडं वळले.

“लाव. तुलाही म्हातारं व्हायचंच आहे.”