सेवकाच्या नावाने चाललेली वाट

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे लॅपटॉप घेऊन घाईने आला. हे गुरू काही जटाधारी नव्हते. तीस वर्षे लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरांची निगा राखलेले साधे गृहस्थ होते. शिष्याने पायथन या संगणकभाषेत एक संकेतस्थळ बांधले होते. डोंगरातल्या आश्रमशाळांची दोनशे मुले त्यावर आपले दाखले चढवणार होती आणि शिष्यवृत्तीची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. प्रोग्रामने प्रत्येक मुलासाठी एक फोल्डर तयार करायचा. पण सकाळपासून एकही होईना. उत्तर एकच येई: परवानगी नाही.

“गुरुजी, प्रोग्राम बरोबर आहे,” शिष्य म्हणाला. “काल दुपारी मी रूट होऊन चालवला, तेव्हा फोल्डर झाला होता.”

रूट म्हणजे त्या यंत्राचा राजा. त्याला कुठलेच दार बंद नसते. शिष्याच्या पडद्यावर तोच अधिकार अजून चालू होता. गुरूंनी एक आज्ञा लिहिली आणि तो अधिकार टाकून दिला. संकेतस्थळ ज्याच्या नावाने चालते, ते सेवकाचे साधे खाते त्यांनी धारण केले.

“हाती राजपद असताना सेवक कशाला व्हायचं?” शिष्य गोंधळला.

सेवकाच्या नावाने गुरू अगदी मुळापासून एकेक फोल्डर उतरत गेले. प्रत्येक ठिकाणी थांबून, आत जाता येते का, नवे काही करता येते का, हे पाहत. मुलांचे फोल्डर जिथे व्हायचे होते त्या चौथ्या फोल्डरात जाता आले, करता मात्र काही येईना. त्यांनी त्याचा मालक पाहिला. मालक रूट होता, आणि तारीख कालची.

शिष्याचा चेहरा उतरला. “म्हणजे हा मीच केला. आता सगळ्यांना सगळं खुलं करून टाकतो.”

गुरूंनी त्याचा हात धरला. “त्यात पोरांचे जातीचे, उत्पन्नाचे दाखले येणार. ते चावडीवर मांडणार आहेस? अरे, तू राजा होऊन गेलास म्हणून तुला अडवलं कुणीच नाही. उलट वाटेतली जागा आपल्या नावावर करून आलास. काम ज्याला करायचंय, त्याच्या पायांनी चाललास तरच तो कुठे अडतो ते कळतं.”

मग क्षणभर रूट होऊन त्यांनी तो एक फोल्डर सेवकाच्या नावे केला, आणि लगेच तो अधिकार पुन्हा सोडला.

थोड्याच वेळात पहिला फोल्डर उमटला: जयवंती खुताडे, इयत्ता नववी. मागोमाग दुसरा, तिसरा, बघता बघता दहा. दूरच्या पाड्यांवरची मुले एकेक करून आत येऊ लागली. एवढी सत्ता हाती असून तिला बाजूला ठेवणारा माणूस शिष्याने प्रथमच पाहिला होता. तो गुरूंच्या पाया पडायला वाकला.

“मुलांकडे बघ,” गुरू म्हणाले. “अजून एकशे नव्वद यायची आहेत.”

साहेबानेही वर्षातून एकदा आपल्याच कचेरीच्या खिडकीसमोर, नाव न सांगता, रांगेत उभे राहावे; म्हणजे माणसे कुठे अडतात ते त्यालाही कळेल.