केरबातात्यांचा फळा आणि महिपतीचं लग्न

धामणवाडीत एक भोळा महिपती राहत होता. भोळा म्हणजे किती? कुणी ‘जरा थांब’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत तिथंच उभा.

त्याच गावात केरबातात्यांची पिठाची गिरणी होती. दळणाला आलेल्यांचा वेळ जावा म्हणून तात्या रोज दारातल्या फळ्यावर सोळा शब्द लिहायचे. त्यांचे चार-चारचे चार गट लावायचे, एवढाच खेळ. पण तात्यांचा हट्ट असा, की एकदा तरी फळा सोडवील तोच आपला जावई. आणि त्यांच्या लेकीला, द्वारकाला, हवा होता महिपती. का, ते तिचं तिला ठाऊक.

पहिल्या दिवशी महिपतीनं मेथी, पालक, शेपू आणि शेळी असा गट लावला.

“शेळी कशी रे यात?” तात्यांनी विचारलं.

“तिला हेच लागतं खायला.”

गिरणीतली माणसं हसून लोटपोट. द्वारकानं त्याला बाजूला घेतलं. “अहो, खाणारं नि खायचं एकत्र नाही ठेवायचं. एकासारखं एक असेल ते एकत्र.”

महिपतीला पटलं. घरी जाऊन त्यानं साखर, मीठ, रवा आणि धुण्याचा सोडा एका डब्यात ओतला. सगळं पांढरं. त्या दिवशी आईनं चहाचा एक घोट घेतला आणि त्याला लाटणं घेऊन अंगणभर पळवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मेथी, पालक, शेपू, माठ आणि कोथिंबीर एकत्र केली. कोथिंबीर खरं तर शेव, कांदा, लिंबाबरोबर मिसळीवर जायची होती.

द्वारका म्हणाली, “पाच कसे चालतील? गटात चारच. एक जास्त नको, एक कमी नको.”

तेही त्यानं मनावर घेतलं. दुपारी गाडी जुंपायला गेला, तर बैल दोनच. मग शेजाऱ्याचे दोन सोडून आणले आणि जागा नव्हती म्हणून गाडीच्या मागच्या बाजूला बांधले. दोन पुढं ओढतात, दोन मागं. गाडी जागची हलेना. शेजाऱ्यानं जे ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

द्वारका रडकुंडीला आली. “शेवटचं सांगते. अडलं की बघायचं, कोण गटात बसत नाही. ते आधी बाहेर काढायचं. बाकीचं आपोआप लागतं.”

आणि काय सांगू, तिसऱ्या दिवशी फळा सुटला! तात्यांनी चष्मा पुसून दोनदा तपासला. सगळं बरोबर. शब्दाला जागून त्यांनी तिथल्या तिथं लग्न ठरवलं.

लग्नाच्या दिवशी मांडवात महिपतीनं इकडं-तिकडं पाहिलं. नवरदेव एकच! त्यानं लगेच तीन मित्र ओढून आणले, त्यांना फेटे बांधले, मुंडावळ्या लावल्या आणि आपल्या शेजारी उभं केलं. लोकांना वाटलं, असेल हौस.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. द्वारका हार घेऊन उभी, समोर चार नवरदेव. तिचे हात तिथंच थांबले.

महिपतीनं आपल्या रांगेवरून समाधानानं नजर फिरवली. मग त्याचं लक्ष द्वारकाकडं गेलं आणि कपाळाला आठी पडली.

“तात्या,” तो म्हणाला, “बाकी सगळं जमलंय. ही तेवढी गटात बसत नाही. हिला आधी बाहेर काढा.”