जाळे न विणणारी कोळीण

एका बेटावर मासेमार कोळ्यांचे गाव होते. बेटाच्या माथ्यावर खडकाळ सडा, म्हणजे उघडे पठार होते. तिथल्या चपट्या काळ्या दगडांखाली एक करडा कोळी राहत असे. तो जाळे विणत नसे, धावत जाऊन किडे पकडत असे. जगात तो इतर कुठेच नव्हता.

गावात बकऱ्या वाढल्या. त्या वाळत घातलेली मासळी तुडवू लागल्या. तेव्हा राघो पाटील म्हणाले, "मासळीच्या खळ्याभोवती गडगा रचा. दगड सड्यावरचे घ्या."

दगड उचलले जाऊ लागले. लोक खाली दिसेल तो कोळी चिरडत. उरलेले उन्हात मरत.

गावातल्या यमू नावाच्या कोळिणीनेही एक दगड उचलला. खाली मादी होती. तिने अंड्यांची पांढरी पिशवी पोटाशी घट्ट धरली होती. ती पळाली नाही. यमूने दगड अलगद होता तसा ठेवला.

शेजारी पाटलीणबाई होत्या. त्या हसल्या. "जाळं न विणणारी कोळीण! आळशी मेली. जाईल दुसरीकडे."

"दुसरीकडे कुठे, काकी? चारी बाजूंना पाणी," यमू म्हणाली. "आणि तिची ओटी भरलेली आहे. ओटी भरलेल्या कोळिणीला आपण दारातून घालवतो का?"

पाटलीणबाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. त्यांनी उचलायला घेतलेला दगड तसाच सोडला. पण पाटील ओरडले, "मग गडगा काय वाळूचा रचू?"

"किनाऱ्यावर गोटे आहेत. मी आणते."

किनाऱ्यावरून खळ्यापर्यंतची चढण उभी होती. बाकीचे सड्यावरूनच दगड आणत राहिले; यमू एकटीच टोपली घेऊन चढू लागली. "एक कोळीण वर बसून खाते, दुसरी तिच्यासाठी राबते!" लोक म्हणत. गोल गोटे एकमेकांवर ठरेनात. तिच्या वाट्याचा गडगा ढासळला. तिने पुन्हा रचला. तोही ढासळला. मग तिने फटींत कालवांच्या शिंपा ठोकून बसवल्या. गडगा उभा राहिला.

एका सकाळी ती किनाऱ्यावर उतरली, तर पाटलीणबाई गोटे वेचत होत्या. "उचल टोपली, यमे," त्या म्हणाल्या. "लेकीकडे बघितलं की तुझी ती आळशी आठवते." त्यांच्यामागून इतर बायकाही उतरल्या. सड्यावरचे दगड उचलणे थांबले.

गडगा वेडावाकडा झाला, पण बकऱ्या बाहेर राहिल्या. पुढे एकदा पाटील सड्यावर गेले. ती कोळीण पाठीवर पिल्लांचा ढीग घेऊन दगडाखालून निघाली होती. पाटील जागीच थबकले. मागच्या लोकांना म्हणाले, "जपून पाय टाका रे. लेकुरवाळी आहे."

तात्पर्य: ज्याला जायला दुसरी जागा नाही, त्याची जागा घेऊ नये, त्यापेक्षा आपण एक चढण जास्त चढावी.