देवाचं सुतक

आत येताना सवयीने पाय उंच उचलला असेल तुम्ही, पण पायात आडवं काही आलं नसणार. खडकवण्याच्या या भैरोबाच्या देवळाला उंबरा नाही. चौकटीच्या बुडाशी हात लावून पाहा, फोडलेल्या दगडाची खुंटं लागतील. आणि आता देवाकडे बघा. कपाळ कोरडं, गळ्यात हार नाही, घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळलेलं. पाहुणे दचकून विचारतात, पूजा बंद पडली की काय? पूजा बंद नाही. देवाला सुतक आहे, आज चौथा दिवस.

ही गोष्ट आम्हा गुरवांच्या तोंडूनच ऐकावी, कारण तीत मान खाली घालायची पाळी आमच्याच घराण्यावर आली होती.

फार जुन्या काळी हे देऊळ बांधायला केरू नावाचा पाथरवट आला, असं सांगतात. बरोबर बायको, हौसा. सात वर्षं त्याने दगड घडवला. चौकट त्याची, उंबरा त्याचा, उंबऱ्यावर कोरलेलं कीर्तिमुखाचं तोंड त्याचं. हौसाही हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. जातं झिजून गुळगुळीत झालं की दळण पडत नाही, म्हणून छिन्नीने टोचून ते पुन्हा खरबरीत करावं लागतं; त्याला टाकी लावणं म्हणतात. ते काम ती गावोगाव फिरून करायची. मूलबाळ नव्हतं, भावकी चार दिवसांच्या वाटेवर. दिवसाचं काम आटोपलं की दोघं अर्ध्या बांधलेल्या देवळात भैरोबासमोर जाऊन बसायची. त्यांचं घर म्हणावं तर तेच होतं.

शिखराचा शेवटचा दगड चढवताना बांबूंची परांची मोडली आणि केरू खाली आला. पाणी मागायलाही उरला नाही, म्हणे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. सुतकाचा रिवाज म्हणून गावातल्या बाया लांबूनच भाकरी ठेवून गेल्या. खोपटात केरूच्या छिन्न्या आणि हौसा, एवढंच उरलं. ती उठली आणि देवळाकडे निघाली. तिला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

उंबऱ्यावर राघो गुरवाने तिला अडवलं. राघो दुष्ट नव्हता, शास्त्राला भिणारा होता. भिणाऱ्या माणसापुढे दुष्ट माणूस परवडला, असं आमची आजी म्हणायची.

“पोरी, सुतक हाय तुला. तेरा दिस सरू देत, मग ये.”

“तेरा दिसांनी येऊन काय करू, गुरवबाबा? दुखतंय ते आज.”

राघोने वाट सोडली नाही. उलट केरूची आण घालून तिच्याकडून वदवून घेतलं, की सुतकात उंबरा ओलांडणार नाही. हौसाने शपथ घेतली आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिली. दोन दिवस बसली. आतून धुपाचा वास यायचा. येणारेजाणारे अंग चोरून तिला वळसा घालायचे आणि आत जाऊन डोळे भरून देव बघायचे. ज्यांचं सगळं जागच्या जागी होतं त्यांना देव होता, आणि जिचं सगळं गेलं तिला तो बंद. तिला हे काही केल्या पटेना. खरं सांगायचं तर मलाही कधी पटलं नाही.

सहाव्या दिवशी ती उठून खोपटात गेली आणि केरूची छिन्नी-हातोडी घेऊन आली. उंबऱ्यापाशी बसकण मारली आणि पहिला घाव घातला.

आवाज ऐकून गाव लोटलं. पाटील आले. “धरा तिला,” म्हणाले. कुणीही हललं नाही. धरायचं म्हणजे शिवायचं, आणि शिवायचं म्हणजे विटाळ. ज्या भीतीने तिला बाहेर ठेवलं होतं, त्याच भीतीने आता तिला कुणी हात लावेना. पाटलांनी स्वतःही लावला नाही.

“हौसा, देवाचा उंबरा हाय त्यो,” पाटील ओरडले.

“माझ्या मालकानं घडवलाय. कुठं घाव घालायचा ते मला ठावं हाय,” ती मान वर न करता म्हणाली. “उंबरा वलांडायचा न्हाई अशी शपथ हाय माझी. ती मी मोडत न्हाई.”

कीर्तिमुखाला मात्र तिने छिन्नी लागू दिली नाही. ते कडेने सोडवून, पदराने पुसून बाजूला ठेवलं. बाकीचा दगड फोडून काढला, जागा सपाट केली आणि ती चालत आत गेली. ओलांडायला काही उरलंच नव्हतं.

आत देव गंध लावून, हार घालून उभा होता. ते पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुझ्या डोईवरचा दगड बसवताना माझा माणूस गेला,” ती म्हणाली. “तुझ्याच कामावर गेला, म्हंजे तुझ्या घरचाच. मग सुतक काय मला एकटीलाच? मी भाईर बसायचं आन् तू नटून आत?”

आणि तिने पदराने देवाच्या कपाळाचं गंध खसकन पुसलं. बाहेर बायांनी तोंडावर हात घेतले. पण पुसता पुसताच तिचा हात ढिला पडला. देवाच्या पायांवर डोकं टेकून, केरू गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. केरू परत आला नाही. रडून झाल्यावर ती तिथेच भिंतीला टेकून झोपली. सहा दिवसांत तिला झोप लागली नव्हती.

पाटलांनी निकाल दिला: तेराव्या दिवशी हौसाने गाव सोडायचं, आणि नवा उंबरा बसवायचा.

राघोने गोमूत्र शिंपडून देवाला नवं गंध लावलं. आरतीपर्यंत ते तडकून गळून पडलं. त्याने चंदनाचं खोड बदललं, ते उगाळायची सहाण बदलली, पाणी थेट झऱ्याचं आणलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कोपऱ्यात बसलेली हौसा एकदा म्हणाली, “कशाला तरास घेता, गुरवबाबा? त्यो माझ्यासंगं बसलाय.”

तेराव्या दिवशी सकाळी गंध लावलं आणि ते बसलं, म्हणे. तासाभराने पाटील माणसं घेऊन आले. जिथे हौसाला अडवलं होतं, त्याच जागी आज राघो उभा राहिला.

“पाटील, देवानं तेराव्या दिसापातुर सुतक पाळलं. चूक माझी झाली. जिच्यासंगं देव बसला, तिला भाईर काढनारं आपुन कोन? आन् नवा उंबरा बसवायचा तर आदी मला हितनं हलवा.”

भित्रा माणूस एकदा उभा राहिला की हलत नाही. पाटील परत गेले. देवाचं सुतक त्या दिवशी फिटलं. हौसाचं दुःख फिटायला पुष्कळ वर्षं गेली, पण बसायला तिची हक्काची जागा होती. ते कीर्तिमुख बाहेर पारावर आहे, जाताना बघा.

आजही खडकवण्यात कुणाच्याही घरी माणूस गेलं की गुरव घंटेला फडकं बांधतो, देवाचं कपाळ पुसतो, आणि सुतकातली माणसं सरळ आत येऊन बसतात. पटकीच्या साथीत म्हणे पाच महिने देवाचं कपाळ कोरडं होतं, आणि त्या पाच महिन्यांत गावात देवाला कुणी नावं ठेवली नाहीत.

त्या कोपऱ्यात गुडघे जवळ घेऊन बसलेले गृहस्थ दिसतात ना, त्यांची बायको गेली. तुम्ही दर्शन खुशाल घ्या. फक्त आज देवाकडे काही मागू नका. तो त्यांच्याबरोबर बसलाय.