गुळाच्या भिंती

फार फार मागे, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका माथ्यावर छोटीशी वाडी होती. वाडीचं काम एकच, हाका मारायच्या. खालच्या रानात धुकं उतरलं की पहिल्या घरानं हाक द्यायची, दुसऱ्यानं ती पुढं न्यायची. वाट चुकलेला माणूस आवाजाच्या रोखानं घरी यायचा. रोज घसा फोडायचा म्हणजे अंगात ताकद नको? म्हणून राजा घरोघरी गूळ पाठवायचा. लोक तो खायचे आणि आरोळ्या ठोकायचे.

मधल्या घरात रखमाजी राहायचा. माणूस वाईट नव्हता हो, लेकीवर, यमीवर, जीव टाकायचा! पण त्याच्या मनानं घेतलं, यमीला मोठ्ठं घर हवं. चुन्यात गूळ घातला की भिंत पक्की होते, हे त्याला ठाऊक. झालं! घरचा गूळ चुन्यात जाऊ लागला. तो पुरेना, तेव्हा शेजाऱ्यांचाही मागून आणू लागला.

"अरे, खा की जरा! हाका कोण देणार?" शेजारची धोंडाकाकू म्हणायची.

"एवढी एक खोली होऊ दे, काकू."

खोलीला खोली लागली. शेजाऱ्यांचे आवाज बारीक झाले, आणि हाका रखमाजीच्या भिंतींपाशीच अडायला लागल्या. वैद्य सांगतात, मेंदूतली गाठ अशीच वागते. निरोगी मेंदू साखर खर्चतो ती विचार करायला, बोलायला, आठवायला. गाठ मात्र त्याच साखरेतून स्वतःलाच वाढवत बसते.

एका दुपारी यमी सरपणाला गेली आणि धुकं उतरलं. पोर चालली होती कड्याकडे, आणि तिला ते कळत नव्हतं. "बाबा!" तिनं टाहो फोडला.

रखमाजीनं तोंड उघडलं. पोटात गूळ नाही, गळ्याला सवय नाही, आवाजच फुटेना. भिंतीपलीकडे धोंडाकाकू जिवाच्या आकांतानं ओरडत होती, पण हाक पुढं जाईना.

मग त्यानं पहार उचलली. लेकीसाठी बांधलेल्या भिंतींना त्यानं रडत रडत भगदाडं पाडली. त्यातून काकूचा आवाज सुटला, "यमे, माघारी फिर गं, माझे बाय!"

यमी वळली. घरी आली तेव्हा रखमाजीनं तिला पोटाशी धरलं आणि धोंडाकाकूचे पाय धरले. गाठीला असं थांबता येत नाही, बाळांनो, माणसाला येतं.

बोध: सगळ्यांच्या कामासाठी मिळालेलं जो नुसतं स्वतःला वाढवण्यात घालतो, तो आपल्याच माणसांची वाट बंद करतो.