शरयूचा राहिलेला पाठ

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर मनातल्या मनात फार रागावली. मनातल्या मनात, कारण उघड रागावण्याची तिची प्राज्ञा नव्हती.

गुरुजी म्हणजे एका तालुक्याच्या गावातल्या विशेष मुलांच्या शाळेचे संस्थापक. वय झालेले, ऐकायला थोडे कमी येणारे, नजर मात्र शाबूत. शिकवणे त्यांनी केव्हाच सोडले होते, तरी रोज सकाळी ते शाळेच्या ओसरीवर येऊन बसत. शिष्या म्हणजे त्याच शाळेतली एक तरुण शिक्षिका, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. मुले तिला बाई म्हणत. आपणही बाईच म्हणू.

या शाळेत इयत्ता नव्हत्या. बुद्धीची वाढ सावकाश होणारी मुले ती. एखाद्याला सदऱ्याचे बटण लावणे हाच वर्षाचा अभ्यास, तर दुसऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून एकट्याने साबण आणणे. म्हणून प्रत्येक मुलाचा आराखडा स्वतंत्र. जून महिन्यात शिक्षकांनी तो करायचा, गुरुजींना वाचून दाखवायचा आणि मग वर्षभर त्याबरहुकूम चालायचे, असा शिरस्ता होता.

त्या वर्षी बाईंनी शरयूचा आराखडा फार जीव ओतून केला. शरयूचे शाळेतले ते शेवटचे वर्ष. अठरा पूर्ण झाली की शाळा संपते, हा नियम. मग गावाबाहेरच्या उद्योगकेंद्रात जायचे, अनोळखी माणसांत बसून काम करायचे. घरी एकटी आई. ती शाळेत आली की प्रत्येक वेळी एकच सांगे, “बाई, माझी शरयू कधी कोणाला नाही म्हणत नाही. तेवढा एक गुण देवाने तिला दिलाय. त्या गुणावर ती कुठेही सामावून जाईल. मला तेवढीच आशा आहे.”

आणि ते खरेच होते. शरयूइतकी गुणी मुलगी शाळेत दुसरी नव्हती. प्रश्न पुरा होण्याआधी तिचे ‘हो’ येई. बस म्हटले की बसे, गा म्हटले की गाई. पाहुणे आले की शिक्षक तिलाच पुढे करत, आणि पाहुणे तिच्या पाठीवरून हात फिरवून जात.

गुरुजींनी आराखडा ऐकून घेतला. कागदी पाकिटे करणे, घड्याळ वाचणे, रिक्षातून उतरून योग्य दारात शिरणे, सगळे त्यात होते. ते म्हणाले, “चांगला आहे. पण एक पाठ राहिलाय.”

“कोणता, गुरुजी?”

“तो मी घेईन. सकाळी प्रार्थना झाली की शरयूला जरा वेळ माझ्याकडे पाठवत जा.”

बाईंना आनंद झाला. गुरुजी स्वतः शिकवणार म्हणजे केवढे भाग्य. तो आनंद दुसऱ्या दिवशी मावळला.

पहिल्या सकाळी गुरुजींनी धाकट्या वर्गातल्या एका मुलीच्या चपला शरयूपुढे ठेवल्या. “या घाल. चालेल ना गं?” शरयू म्हणाली, “हो.” निम्मी टाच बाहेर, अशी ती दुपारपर्यंत लंगडत राहिली. मग गुरुजींनी एके दिवशी तिच्या डब्यातला शिरा, जो तिला जीव की प्राण, स्वतः खाऊन टाकला आणि तिच्यापुढे कारल्याची भाजी ठेवली. “चालेल ना?” “हो.” तिने ती संपवली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. प्रत्येक वेळी गुरुजी तिच्याकडे आशेने पाहत आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरे. “बरं, उद्या बघू,” म्हणत.

आता तुमच्यातले काही म्हणतील, हा कसला गुरू, हा तर छळ झाला. म्हणा, अवश्य म्हणा. शाळेतले शिक्षकही आपापसांत हेच म्हणत होते. कोणी म्हणाले, वयोमानाने होते असे. कोणी म्हणाले, मोठ्या माणसांच्या कृतीत काही गूढ असते, आपण विचारू नये. हे दुसरे म्हणणारे लोक मला नेहमीच जास्त धोकादायक वाटत आले आहेत. पण गुरुजींना जाऊन विचारायला मात्र दोन्हींपैकी कोणीच तयार नव्हते. बाईंची रात्रीची झोप उडाली. ज्या माणसाने आपल्याला मुलांवर माया करायला शिकवले, तोच असे करतो, याचा अर्थ कसा लावायचा ते त्यांना उमजेना. शरयूला पाठवू नये, असे त्यांना रोज वाटे, आणि रोज सकाळी त्या शरयूला पाठवीत.

शेवटी एकदा धीर करून त्या स्वतःच शरयूबरोबर ओसरीवर गेल्या. गुरुजींनी किटलीतून दोन कपांत चहा ओतला. जवळच मिठाची बरणी होती. दोघींच्या देखत त्यांनी दोन्ही कपांत चमचा भरभरून मीठ घातले आणि सावकाश ढवळले.

“शरयू, घे. चालेल ना?”

“हो,” म्हणून शरयूने कप तोंडाला लावला. तिने तोंड वेडेवाकडे केले, पण कप खाली ठेवला नाही.

गुरुजींनी दुसरा कप बाईंपुढे धरला. “घे, तूही घे.”

बाईंनी तो घेतला. एक घोट घेतला, मग आणखी एक.

“कसा झालाय?”

“बरा झालाय, गुरुजी.”

गुरुजींनी पुढे होऊन शरयूच्या हातातला कप काढून घेतला. मग ते बाईंकडे वळले. “मी मीठ घातलं ते तुला दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं.”

“मग प्यायलीस का?”

“तुम्ही दिलात म्हणून.”

“हिनेही तेवढ्यासाठीच घेतला. फरक इतकाच, की तुला घरी जाऊन माझ्या नावाने बोटं मोडता येतील. तिला तेही येत नाही.” गुरुजींचा आवाज आता शिकवणाऱ्याचा राहिला नव्हता. थकलेल्या माणसाचा झाला होता. “पुढच्या वर्षी ही बाहेर पडेल. तिथे मीठ घालणारा आपल्यादेखत घालणार नाही. कोणी म्हणेल, चल माझ्याबरोबर, ही म्हणेल हो. कोणी म्हणेल, हे आईला सांगू नकोस, ही म्हणेल हो. आपण सगळ्यांनी मिळून हिला एकच शब्द शिकवलाय, आणि इतकी वर्षं त्याच एका शब्दावर शाबासकी दिली आहे. बरं, ते राहू दे. तुझ्या आराखड्यात तू म्हटलंयस, शरयूला पाकिटं करायला आवडतात. तुला कोणी सांगितलं?”

“तिनेच. मी विचारलं होतं तिला.”

“काय म्हणाली ती?”

“हो म्हणाली,” असे बाई बोलून गेल्या.

गुरुजी म्हणाले, “जिला नको म्हणता येत नाही, तिच्या ‘हो’वरून काय कळणार? तू ज्या मुलीसाठी एवढा आराखडा केलास, ती मुलगी तुला अजून भेटलेलीच नाही. मला तरी कुठे भेटली आहे? रोज वाट बघतोय.”

“मग शिकवा ना तिला नको म्हणायला.”

“मी कसा शिकवू? मला नको म्हणणारं या शाळेत कोणी उरलंय का? तिने ते पाहायचं तरी कोणाकडे? माझी चूक मला इथे बसल्या बसल्या कळली. तू म्हण आधी. तिच्यासमोर म्हण.” आणि त्यांनी तोच मिठाचा कप पुन्हा उचलून बाईंपुढे धरला.

सांगायला किती सोपे. पण ज्यांच्या शब्दाबाहेर आपण कधी गेलो नाही, त्यांना हे तोंडावर म्हणायचे असते तेव्हा जीभ टाळ्याला चिकटते. बाई कशाबशा म्हणाल्या, “नको, गुरुजी.”

“बरं,” गुरुजी म्हणाले. त्यांनी कप बाजूला ठेवला, स्वच्छ कपात दुसरा चहा ओतला, आणि त्यात साखर घातली. कोणी रागावले नाही, कोणी ओरडले नाही. शरयू एकदा बाईंकडे आणि एकदा गुरुजींकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर बाईंनी पूर्वी कधी न पाहिलेला गोंधळ होता.

त्या दिवसापासून शाळेत एक वेगळाच अभ्यास सुरू झाला. शिक्षक मुलांदेखत एकमेकांना नको म्हणू लागले, आणि समोरचा ‘बरं’ म्हणू लागला. कित्येक आठवडे शरयू नुसती बघत राहिली. मग एके सकाळी तिने गुरुजींनी पुन्हा पुढे ठेवलेल्या त्या लहान चपला पायानेच दूर सारल्या. शब्द पुढे केव्हातरी आला, अगदी पुटपुटल्यासारखा. गुरुजींना कमी ऐकू येई, तरी तो त्यांना ऐकू गेला.

मग मात्र वेगळाच घोळ झाला. शरयूला नको म्हणण्याची चटकच लागली. प्रार्थना नको, घड्याळ नको, वेणी नको. बाई पार गोंधळून गेल्या. “गुरुजी, ती आता तापाचं औषधही नको म्हणते. काय करू?”

“औषध द्यायचं. पण तिचं नको ऐकून घेऊन, का ते सांगून द्यायचं. आणि वेणी नको असेल तर वेणी राहू दे ना. वेणीवाचून कोणाचं काय अडलंय?”

असे करता करता वर्ष सरत आले. उद्योगकेंद्रात शरयूसाठी एक जागा मिळाली होती, उदबत्त्या वळण्याच्या खोलीत. आईने त्यासाठी किती जणांचे उंबरे झिजवले होते, ते तिचे तिलाच ठाऊक. जागा दाखवायला आई आणि बाई शरयूला घेऊन गेल्या. तिथल्या ताईंनी प्रेमाने विचारले, “मग शरयू, येशील ना इथे?”

शरयू म्हणाली, “नको.”

आई घाईने पुढे झाली. “असं नाही बोलायचं शरयू. येते म्हण.”

“नको.”

“हे कोणी शिकवलं हिला?”

“मी शिकवलं,” बाई म्हणाल्या.

“काय मिळवलंत हो, बाई?” आई म्हणाली. “ही जागा गेली तर मी हिला कुठे ठेवू? मी आहे तोवर आहे. माझ्यामागे हिचं नको ऐकून घेणारं कोण बसलंय?”

आईचे चुकत होते, असे बाईंना म्हणता येईना. गुरुजींकडे धावावे असे क्षणभर वाटले. पण गुरुजी तरी काय सांगणार? उदबत्त्या त्यांना वळायच्या नव्हत्या. ज्या व्यक्तीला विचारायचे ती तर शेजारीच उभी होती.

“ताई, बाकीच्या खोल्या दाखवाल का?” बाईंनी विचारले.

पुढच्या खोलीत कागदी पाकिटे होत होती. वर्षभर शरयूने तीच केली होती, तिचा हात त्यात चांगला बसला होता. तिने टेबलाकडे पाहून मान हलवली. “नको.” आईने डोक्याला हात लावला. तिसऱ्या खोलीत काही मुली चादरींच्या घड्या घालत होत्या, दोघी दोघी, समोरासमोर उभ्या राहून, चार टोके धरून एकमेकींकडे चालत येत. एक मुलगी जोडीदारीण नसल्यामुळे नुसती उभी होती. शरयू दारात थबकली.

“इथे येशील?” बाईंनी विचारले.

उत्तर आले नाही. आई काही बोलायला गेली, बाईंनी तिचा हात हलकेच धरला. शरयू बघत राहिली. घडी पुरी झाली, दुसरी सुरू झाली. जिचे हो प्रश्नाच्या आधी यायचे ती मुलगी विचार करत होती, आणि तिला विचार करताना आईने आजवर कधी पाहिले नव्हते. मग शरयू आत गेली, त्या एकट्या मुलीसमोर उभी राहिली आणि चादरीची दोन टोके तिने उचलली.

“हो,” ती म्हणाली.

ताई म्हणाल्या, घडीला माणूस हवेच आहे, बघू या जमवून. आईने डोळ्यांना पदर लावला. बाहेर पडताना ती बाईंना हळूच म्हणाली, “हिला विचारायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी आपली सांगतच आले.”

परतीच्या रिक्षात बसल्यावर आईने शरयूला विचारले, “संध्याकाळी जेवायला काय करू गं?” शरयूने लगेच काही सांगितले नाही. ती बाहेर बघत विचार करत होती, आणि आई गप्प बसून तिच्या उत्तराची वाट बघत राहिली.